खूण कुणाच्या हाताची?

गोदीत क्रेनवाला आपल्या मर्जीनं माल उचलत नाही. खाली उभा असलेला खूण करतो तेव्हाच हुक हलतो. अमेरिकेची १७८७ची घटना सत्तेला असंच बांधते. काँग्रेस कायदा करते, अध्यक्ष तो नाकारू शकतो. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं पडली की त्याचा नकार मोडतो. कोर्ट कायदा रद्द करतं. पण न्यायाधीश नेमतो अध्यक्ष आणि मंजुरी देते सिनेट.

झकास! पण ह्याच घटनेनं प्रतिनिधी ठरवताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस मोजला. १८५७ साली सुप्रीम कोर्ट ड्रेड स्कॉटला म्हणालं, तू नागरिकच नाहीस. तो निकाल पुसायला यादवी युद्ध झालं, १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती आली. १९५४ साली त्याच कोर्टानं शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पण कोर्टाकडे कुठली आलीय फौज? १९५७ साली लिटल रॉकची नऊ काळी पोरं शाळेत पोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवरला सैनिक धाडावे लागले.

मार्च १९६५मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चा फोडून काढला. माणसं हटली नाहीत, परत चालली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. २०१३ साली कोर्टानं त्यातलं एक महत्त्वाचं कलमच उडवलं.

तिन्ही सत्ता एकमेकींना अडवतात, कबूल. आपल्यासारख्यांसाठी त्या आपणहून हलतील ह्या भरवशावर मी तरी बसणार नाही. खूण खालूनच करावी लागते. आणि हात खाली घेतला की हुक थांबतो.