चेतकच्या आठवणींत धूरही असू द्या

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की 'तशा गाड्या आता होत नाहीत' हे वाक्य ठरलेलं. बजाज चेतक १९७२ साली आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबले. पण त्या रांगेचं श्रेय जितकं गाडीचं, तितकंच परवाना पद्धतीचं. कारखान्याने किती गाड्या काढायच्या यावर सरकारी मर्यादा होती. दुसरं काही मिळतच नसेल तर पसंती कसली? शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं ते टू-स्ट्रोक इंजिन मागे निळसर धूर सोडत जायचं, आणि सकाळी गाडी कलती करून किका मारणं हा व्यायाम वेगळाच.

यावर कुणी म्हणेल, निदान ती घरच्या घरी दुरुस्त तरी व्हायची. हे मात्र खरं. प्लग काढायचा, काजळी पॉलिश पेपरने घासायची, पंक्चर झालं तर स्टेपनी लावायची. पान्यापलीकडे फारसं काही लागत नसे. आज सेन्सर बिघडला की बहुतेकदा कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. हळहळायचंच तर पत्र्यासाठी नको, या सोयीसाठी हळहळावं. २०२० पासून विजेवर धावणारी चेतक रस्त्यावर आहे. अशा गाड्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गल्लीतल्या मेकॅनिकलाही मिळावी, असा आग्रह ग्राहकांनी सगळ्याच कंपन्यांकडे धरायला हवा.