बेभान रुग्णाला आवरायचे कसे?

कीटकनाशक प्यायलेला रुग्ण शिरूर किंवा दौंडच्या रुग्णालयात येतो. ॲट्रोपिन सुरू होते, जीव वाचतो आणि रात्री तोच माणूस सलाईन उपटून नर्सच्या अंगावर धावतो. नातेवाइकांना वाटते, वेड लागले. प्रत्यक्षात ॲट्रोपिनची मात्रा जास्त झाली की भ्रम होतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर दोन-तीन दिवसांत हेच घडू शकते. साखर किंवा सोडियम घटणे, ऑक्सिजन कमी पडणे, डोक्याला मार, म्हातारपणातला मूत्रसंसर्ग ही आणखी कारणे. अशा वेळी आक्रमकता हे लक्षण असते, गुन्हा नव्हे.

आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जमावाने हात उगारला, तर हा कायदा हवाच. पण भ्रमातल्या रुग्णाला कलमाचा धाक काय वाटणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८ ते ३८ टक्के आरोग्यसेवकांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. मार बसण्याआधी उपयोगी पडते ते प्रशिक्षण.

त्यात अवघड काही नाही. रुग्णाशी एकानेच बोलावे, हळू आणि छोट्या वाक्यांत. दोन हात अंतर ठेवावे. त्याची वाट अडवू नये, आपलीही मोकळी ठेवावी. कात्री, सुया, स्टँड दूर करावेत. बघ्यांना बाहेर काढावे. जमेल तितक्या लवकर साखर आणि ऑक्सिजन तपासावा. धरावेच लागले, तर पालथे पाडून छातीवर भार देऊ नये; श्वास कोंडून जीव जाऊ शकतो.

चादरीने खाटेला बांधणे हा सोपा उपाय वाटतो. मात्र मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ९७ सांगते की बांधणे ही शिक्षा असू शकत नाही आणि मनुष्यबळ कमी आहे, ही सबबही चालत नाही. ही मर्यादा मनोरुग्णालयांपुरती न मानता प्रत्येक वॉर्डाने पाळावी.

येरवड्याचे मनोरुग्णालय शिरूरहून साठेक किलोमीटरवर, दौंडहून त्याहीपेक्षा लांब. रात्री दोन वाजता रुग्णाजवळ असतात त्या नर्स, वॉर्डबॉय, मावशी आणि सुरक्षारक्षक. म्हणून प्रशिक्षण फक्त डॉक्टरांना देऊन भागणार नाही. आग विझवण्याची जशी रंगीत तालीम होते, तशी याचीही दर तीन महिन्यांनी व्हावी, कंत्राटी कर्मचाऱ्यांसह. त्यासाठी लागतील दोन तास. वाचेल कुणाचा डोळा, कुणाचा हात आणि एखाद्या रुग्णाचा जीवही.