पिशवीचं ऑपरेशन आणि पीएचडी

परभणीला आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी मागच्या उन्हाळ्यात मोरीतून उठता उठता एकदम मटकन खाली बसल्या. कंबर धरलेली. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "पिशवी काढल्यापासून असंच होतंय माय." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मला पिशवी म्हणजे दुधाची नाहीतर भाजीची! मी चक्क विचारलं, "कोणती पिशवी?" आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गप्पच बसले. नंतर हळू आवाजात तिने सांगितलं, गर्भाशय. युटेरसचा डायग्राम मला शाळेत लेबलांसकट पाठ होता. पण माझ्या घरात रोज येणारी बाई त्याला काय म्हणते हे मला विसाव्या वर्षी कळलं.

मावशी आज बत्तीस-तेहतीसच्या असतील. ऑपरेशन झालं तेव्हा पंचविशीच्या आसपास. दोन मुलं झालेली. तेव्हा त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. अंगावरून पांढरं जायचं, पोटात दुखायचं. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, सोनोग्राफी झाली आणि सांगितलं गेलं की पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका. काढली. दुसरीकडे दाखवलं का, आधी गोळ्या-औषध दिलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खाडा पडला की मुकादम पैसे कापतेत. गोळ्या खात कोण बसावं?"

ज्यांना हा मामला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहून ती फेडायची. कामाचा दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. पाळी आली, पोट दुखलं तरी खाडा तो खाडाच. फडावर संडास नाही, न्हाणी नाही. बीड जिल्ह्यातून सगळ्यात जास्त टोळ्या जातात, पण आपल्या परभणीतूनही जातात.

२०१९ मध्ये बीडच्या या बायकांच्या बातम्या आल्या तेव्हा देशभर खळबळ झाली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा शंभरात तीनसुद्धा नव्हता.

हे आकडे वाचल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं. पण इथेच मला एक गोष्ट कळली, आणि हा सगळा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे. सर्वेक्षणातला आकडा १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आहे. ऊसतोडीतल्या बायकांचं वय तसंच आहे का? नसेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून "सहापट, सहापट" म्हणून ओरडणं बरोबर नाही. कदाचित फरक कमी निघेल, कदाचित जास्त. ऊस न तोडणाऱ्या, पण त्याच गावात राहणाऱ्या बायकांचा आकडा काय? ऑपरेशनं सगळ्या दवाखान्यांत थोडी थोडी झाली की मोजक्या पाच-सहा ठिकाणीच? किती जणींना खरंच गरज होती? आणि पंचविशीत पिशवी गेल्यावर पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या हाडांचं, कंबरेचं काय झालं? समितीला मुदत काही महिन्यांची असते. ती किती ते मोजू शकते. का झालं आणि पुढे काय झालं, हे शोधायला एखाद्या माणसाला चार-पाच वर्षं त्याच एका प्रश्नामागे लागावं लागतं. अशा माणसाला आपल्याकडे पीएचडीचा विद्यार्थी म्हणतात, आणि आपण त्याला हसतो.

या विषयाला नाव आहे, आरोग्य सेवा संशोधन. औषध शोधणं हा त्याचा विषय नाही, आजार शोधणं हाही नाही. आजारी माणूस दवाखान्यात पोचतो का, पोचल्यावर त्याला काय मिळतं, त्याचा खर्च कोण करतो आणि शेवटी तो बरा होतो का, हे तपासायचं. डोनाबेडियन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये याची मांडणी केली: आधी रचना, मग प्रक्रिया, मग परिणाम. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट, प्रोसेस, आउटपुट. बघा, आपलाच ब्लॉक डायग्राम!

आणि हे फक्त गरीब जिल्ह्यांचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत जॉन वेनबर्ग नावाचे डॉक्टर आणि ॲलन गिटलसोन नावाचे संख्याशास्त्रज्ञ यांनी लहान लहान भागांतल्या ऑपरेशनांची मोजणी केली. १९८२ मध्ये त्यांनी लिहिलं की मेन राज्यातल्या एका शहरात पिशवी काढण्याचं प्रमाण इतकं आहे की ते असंच राहिलं तर पंचाहत्तरीपर्यंत तिथल्या सत्तर टक्के बायकांचं गर्भाशय गेलेलं असेल. तिथून वीस मैलांच्या आतच असलेल्या दुसऱ्या शहरात हाच आकडा पंचवीस टक्के! हवा तीच, माणसं साधारण तशीच. फरक कशात होता, तर तिथल्या डॉक्टरांच्या सवयीत. ज्या गावातल्या डॉक्टरांचा ऑपरेशनाकडे कल, त्या गावात ऑपरेशनं जास्त. कोणी मोजलं नसतं तर प्रत्येक शहराला आपलंच नॉर्मल वाटलं असतं. स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोलमध्ये आपण बेअरिंगच्या व्यासाचे कंट्रोल चार्ट काढतो. अप्पर लिमिटच्या बाहेर गेलेला ठिपका दिसला की मशीन थांबवून बघतो. जिल्ह्यातल्या दवाखान्यांचा असा चार्ट का निघू नये?

आता माझा रूममेटशी झालेला वाद. ती म्हणाली, "पीएचडीने काय होतं? बंग दांपत्याने पीएचडी केली होती का?" मुद्दा बिनतोड वाटला मला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, दोघंही एमडी, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स करून आले आणि गडचिरोलीला जाऊन बसले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये तो अभ्यास छापून आला आणि जगाला पहिल्यांदा कळलं की खेड्यातली बाई म्हणजे फक्त गरोदर बाई नव्हे. पुढे १९९९ मध्ये त्यांनीच दाखवलं की गावातली प्रशिक्षित बाई घरी जाऊन बाळाची काळजी घेऊ लागली तर नवजात मृत्यू निम्म्याहून खाली येतात. आज आशाताई घरोघरी बाळ बघायला जातात त्याचं मूळ तिथे आहे.

पण मी तिला म्हटलं, पदवी पीएचडीची नसेल, पद्धत तर शिकूनच आले ना? एका गटाला सेवा द्यायची, दुसऱ्याशी तुलना करायची, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायचा, हे काही डोळ्यांत पाणी आलं म्हणून जमत नाही. त्यासाठी त्यांना बाल्टिमोरला जावं लागलं. आणि असं जोडपं किती जिल्ह्यांना मिळणार? प्रत्येक जिल्ह्याने आपापले बंग येण्याची वाट बघत बसायची का? रूममेट म्हणाली, "तू भाषण द्यायला लागलीस." असो.

गडचिरोलीच्या त्या अभ्यासात बीडच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं. बायकांचं दुखणं खोटं नव्हतं. अंगावरून जाणं, पोटात दुखणं हे खरंच होतं, आणि त्यातलं बरंचसं साध्या औषधाने बरं होणारं असतं. पण गावात तपासणारी डॉक्टरीणबाई नाही, सरकारी दवाखान्यात गेलं तर दिवस मोडतो, आणि जो समोर आहे तो कात्री घेऊनच बसलेला. बीडमध्ये नंतर खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. चांगलंच झालं. पण शेजारच्या जिल्ह्यात परवानगी लागत नसेल तर बाई एसटीत बसून तिकडे जाणार नाही कशावरून? हेही कोणीतरी मोजायलाच हवं की.

आता आपल्या परभणीकडे येऊ. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणून आपण छाती फुगवतो. आणि एका बाबतीत ती फुगवण्यासारखी आहेच. १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे. भेंडीवर पिवळा रोग पडायचा तर इथल्या संशोधकांनी ‘परभणी क्रांती’ नावाचा वाण काढला, तो देशभर गेला. ज्वारीचे ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ इथलेच. कापूस, सोयाबीन, तूर, सगळ्यांवर पीएचडी होते इथे, आणि व्हायलाच पाहिजे, शेतकऱ्यांची पोरं आहोत आपण. पण भेंडीच्या पानाची शीर पिवळी का पडते यावर ज्या गावात पीएचडी करता येते, तिथे भेंडी खुडणाऱ्या बाईची पिशवी का काढली यावर करता येत नाही. २०२३ मध्ये शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्यासाठी लोकांनी आंदोलनं केली. डॉक्टर हवेतच, पण त्याच इमारतीत चार-पाच जागा अशा संशोधकांच्याही असाव्यात, आणि त्यांना आकडेवारी शिकवायला कृषी विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक याच शहरात आहेत, हे कोणाच्याच मागणीपत्रात मी वाचलं नाही.

सध्या हे शिकायचं तर देवगिरीत बसून रात्रभराने मुंबई गाठायची. देवनारला टाटा इन्स्टिट्यूट आणि लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था, या दोन्ही जवळजवळ आहेत. देशाचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या दुसऱ्या संस्थेकडूनच होत आलंय. नाहीतर दिल्लीला जेएनयू किंवा थेट त्रिवेंद्रम. आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. संस्थांच्या आपापल्या अटी असतातच, त्या बघाव्या लागतील. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये. आयटीच्या पॅकेजपुढे फार नाही, पण उपाशीही मरत नाही कोणी. आमच्या घरी मात्र पैशांपेक्षा दुसरा प्रश्न आला. पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे सव्वीस? मग स्थळं कधी बघायची?" पप्पा पेपर वाचत राहिले.

मला स्वतःला भीती वाटते ती वेगळीच. मी गणित करीन, प्रोग्राम लिहीन. पण प्रश्नावली घेऊन बायकांसमोर बसल्यावर? इंग्रजीतून भाषांतर केलेले प्रश्न मी एका ठिकाणी पाहिले, त्यात ‘योनीमार्गातील असामान्य स्राव’ असं लिहिलं होतं. मावशींना हा प्रश्न विचारला तर त्या ‘नाही’ म्हणतील, आणि तो ‘नाही’ कॉम्प्युटरमध्ये शून्य म्हणून जाईल. ‘अंगावरून पांढरं जातं का’ विचारलं तर तेच उत्तर ‘हो’ होईल. एका शब्दाने टक्केवारी बदलते. म्हणून हा अभ्यास मुंबई-दिल्लीत बसून होणारा नाही, आणि आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर आधी मराठीच पुन्हा शिकावी लागणार. मावशी शिकवायला तयार आहेत. ऑपरेशननंतर विचारपूस करायला कधी कोणी आलं का, असं मी त्यांना विचारलं होतं. "मतं मागायला येतेत," त्या म्हणाल्या, "याला कोण येतंय?"

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी विषय दिलाय, जिल्ह्यातल्या दवाखान्यांमधल्या शस्त्रक्रियांच्या प्रमाणाचा कंट्रोल चार्ट. सरांनी विषय नाकारला नाही. फक्त विचारलं, "डेटा कुठून आणणार?" नावं-पत्ते नकोत, फक्त तालुका, वय, महिना आणि शस्त्रक्रिया एवढंच हवंय. सध्या तिथेच अडलंय. कोणाचे काका, मामा, ताई आरोग्य खात्यात असतील आणि रीतसर अर्ज कोणाकडे करायचा हे सांगू शकत असतील, तर दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघी लायब्ररीच्या पायऱ्यांवरच असतो.