बाहुलीच्या तळाशी सही हवी

जपानच्या ईशान्येला तोहोकू नावाचा डोंगराळ, कडाक्याच्या थंडीचा प्रदेश आहे. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर अंग शेकायला आलेली माणसे परतताना घरच्या पोरांसाठी कोकेशी नावाची बाहुली नेत. तिला ना हात, ना पाय. गोल डोके, सरळसोट अंग आणि त्यावर कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत काढलेली फुले, एवढाच तिचा थाट. लाकडी वाडगे आणि तबके कातणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हा जोडधंदा सुरू केला. नारुको गावच्या कोकेशीची मान फिरवली की ती चक्क कुरकुरते.

आज अशी कोकेशी उलटी करून पाहिली, तर तळाशी बहुधा कारागिराची सही सापडते. जुन्या बाहुल्यांवर ती नसे. पोरांच्या खेळण्यावर सही कोण करणार? पण विसाव्या शतकात मोठी माणसे या बाहुल्या जमवू लागली. सेंडाईच्या आमाए तोमिया यांनी १९२८ मध्ये कोकेशीवर पुस्तकच काढले. बाहुली कोणत्या गावची, कोणत्या घराण्याची, कोणाच्या हातची, अशी चौकशी सुरू झाली आणि सही रुळली. प्रवाशांमुळे लोककला बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. कोकेशी जन्मली तीच प्रवाशांसाठी, आणि तिच्या कारागिराला नाव मिळाले तेही विकत घेणाऱ्यांच्या हट्टामुळे.

आपल्याकडे हा हट्ट कोणी धरत नाही.

बंगळूरहून म्हैसूरला जाणारी मराठी कुटुंबे वाटेत चन्नपट्टणला थांबतात. काळ्या कुड्याचे पांढरे, मऊ लाकूड लेथवर फिरत असते, कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते. पाहुणे मोबाइलवर चित्रण करतात, कारागिराला बाजूला उभा करून फोटो काढतात आणि त्याचे नाव न विचारताच गाडीत बसतात. घासाघीस मात्र मनापासून केलेली असते. महामार्गावरच्या मॉलमध्ये कॉफीचे पैसे मुकाट मोजणारा माणूस बाहुलीपाशी येताच एकदम व्यवहारचतुर कसा होतो, हे कोडेच आहे.

विजयवाड्याजवळच्या कोंडापल्लीची तऱ्हा वेगळी. तिथे ‘तेल्ल पोणिकी’ नावाचे हलके लाकूड आधी तापवून त्यातली ओल काढतात. हात, पाय, डोके सुटे कोरतात आणि चिंचोके व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात. दशावतार, अंबारीचा हत्ती, ताक घुसळणारी बाई असा सगळा संसार त्यातून उभा राहतो. तंजावरची मान डोलावणारी बाहुली तर आपल्या भोसल्यांच्या राजधानीतली. या तिन्ही गावांच्या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते मोलाचे आहेच. पण मानांकन गावाचे नाव राखते, माणसाचे नाही. चांगला कारागीर आणि उरकून टाकणारा कारागीर त्या एकाच शिक्क्याखाली एकाच भावाने विकले जातात.

सरकारदरबारी मात्र कारागिराला नाव आहे. केंद्राचे हस्तशिल्प आयुक्तालय त्याला ‘पहचान’ ओळखपत्र देते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे कायद्याला तो नावानिशी ठाऊक आहे. त्याची बाहुली दिवाणखान्यात मांडणाऱ्याला तेवढा नाही.

नावाजलेले संग्रहही याच वाटेने गेले आहेत. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून द्यायला एक बाहुली दिली होती. ती त्यांना इतकी आवडली की पुढे ते परदेशी गेले की बाहुल्या आणू लागले. त्यातून १९६५ मध्ये दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर बाहुल्यांचे संग्रहालय उभे राहिले. तिथे हजारो बाहुल्या आहेत आणि त्यांची ओळख आहे ती देशांची, वेशभूषांची. स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात मुलांना जग दाखवायचे होते, त्यामुळे ते शोभलेही. आज मोबाइलवर जग पाहणाऱ्या प्रवाशाने आणखी एक ‘राजस्थानी जोडपे’ आणून शोकेसमध्ये काय भर पडणार?

सावंतवाडीच्या चितारआळीत सहीचा हा हट्ट सहज सुरू करता येईल. पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी घ्यायला गोव्याला जाता-येता मराठी माणूस तिथे वळतोच. त्याने दहा वस्तूंऐवजी दोन घ्याव्यात, सांगितलेला भाव द्यावा आणि ज्याने घडवली त्याच्याकडून तळाशी नाव, गाव, साल लिहून घ्यावे. साधी पेन्सिलही चालेल.

यावर दोन आक्षेप येतील. बाहुली एका हातची नसते, हा पहिला. कोंडापल्लीत बऱ्याच घरांत पुरुष कोरतात आणि बायका रंगवतात. मग दोन नावे लिहावीत. उलट रंगवणाऱ्या बाईचे नाव तरी त्यानिमित्ताने कुठेतरी उमटेल. दुसरा आक्षेप दुकानदाराचा, आणि तो अधिक खरा आहे. नाव छापले तर गिऱ्हाईक थेट कारागिराच्या दारात जाईल, ही त्याची धास्ती. काही जातीलही. पण सहीच्या कोकेशी जपानमध्येही दुकानांतून विकल्या जातात आणि नावाजलेल्या हाताच्या बाहुलीला जास्त भाव येतो. तो जास्तीचा भाव दुकानदाराच्या गल्ल्यातूनच जातो.