साठीचे औषध पंचविशीत सुरू करा

आरोग्याच्या या सदरात पैशाची गोष्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मी गुंतवणुकीतला जाणकार नव्हे. साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण इतकी वर्षे चिठ्ठ्या लिहिताना एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. म्हाताऱ्या माणसाची प्रकृती जितकी त्याच्या खाण्यापिण्यावर अवलंबून असते, तितकीच त्याच्या पासबुकावरही असते. औषध मी लिहून देतो. ते महिन्याचे घ्यायचे की आठ दिवसांचे, हे मात्र पासबुक ठरवते.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा ही म्हातारपणाची नेहमीची दुखणी. त्यांच्या गोळ्या बहुतेक वेळा जन्मभर घ्याव्या लागतात. एकेक गोळी फार महाग नसते, पण तीन-चार प्रकारच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्ततपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, शहरात जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे, असा खर्च दर महिन्याला येतच राहतो. हातात पैसा नसला की माणूस पहिली काटछाट इथेच करतो. घरात नवरा-बायको दोघेही आजारी असतील, तर आधी बायकोच्या गोळ्या बंद होतात. एखाद्या आजींना विचारावे, "आजी, गोळ्या चालू आहेत ना?" तर उत्तर येते, "ह्यांच्या चालू आहेत की."

रक्तदाबाची गोळी बंद केली म्हणून दुसऱ्या दिवशी काही होत नाही. म्हणूनच ती बंद करणे सोपे वाटते. पण वर्षा-दोन वर्षांनी अर्धांगवायूचा झटका येतो, किंवा मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ येते. मग गोळ्यांत वाचवलेले पैसे कित्येक पटींनी एका आठवड्यात जातात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा घराच्या वाट्याला येते, ती वेगळीच.

आता आयुष्य वाढले आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान तीस-बत्तीस वर्षांचे होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. जो साठी गाठतो तो सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो. म्हणजे पस्तीस वर्षांच्या कमाईतून पुढच्या अठरा वर्षांची सोय करायची आहे, आणि तीही दुखण्यांच्या वर्षांची. हा हिशोब आपल्याकडे फारच थोड्या घरांत मांडला जातो.

कोणत्या वयात काय घडते

विशीत नवी नोकरी किंवा नवा धंदा असतो. म्हातारपण कोसभर लांब. पहिल्या पगारात मोबाईल येतो, मग हप्त्यावर मोटारसायकल. बचत म्हणजे फार तर मित्रांची भिशी. तिशीत लग्न, मुले आणि घराचे कर्ज. थोडी बचत होते ती सोन्यात आणि विम्याच्या हप्त्यात. विम्याचा हप्ता म्हणजेच म्हातारपणाची तरतूद, असा अनेकांचा समज असतो. चाळिशीत मुलांच्या शाळा-कॉलेजचा खर्च येतो आणि त्याच वेळी स्वतःच्या आई-वडिलांचे दवाखाने सुरू होतात. पन्नाशीत मुलीचे लग्न निघते आणि फंडातले पैसे काढले जातात. वर्षानुवर्षे साठलेली रक्कम मांडव, जेवणावळ आणि मानपानात दोन दिवसांत संपते.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस विचारतो, आता काय करू? माझ्या धंद्यात असे रुग्ण रोज भेटतात. दहा वर्षे साखर वाढलेली असते, पण दुखत काहीच नाही म्हणून तपासलेली नसते. पायाला जखम झाली आणि ती भरेना, की मग धावपळ. बचत नसणे हाही असाच मुका आजार आहे. तिशीत त्याचे एकही लक्षण दिसत नाही.

वयाप्रमाणे औषधाचा डोस

लवकर सुरुवात करण्याचा फायदा किती, हे सरकारच्याच एका योजनेतून स्वच्छ दिसते. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयापर्यंत नाव घालता येते. (प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र ऑक्टोबर २०२२ पासून नव्याने प्रवेश नाही.) साठीनंतर दरमहा ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. पंचविसाव्या वर्षी ३७६, तिसाव्या वर्षी ५७७, पस्तिसाव्या वर्षी ९०२ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये. पेन्शन सगळ्यांना तीच. अठराव्या वर्षी सुरू करणारा एकूण एक लाख सहा हजारांच्या आतच भरतो. चाळिसाव्या वर्षी सुरू करणारा जवळजवळ साडेतीन लाख भरतो. चाळिशी उलटली की हे दार बंद.

दुसरे उदाहरण घ्या. समजा दर महिन्याला हजार रुपये बाजूला टाकले आणि त्यावर सात टक्के दराने चक्रवाढ व्याज मिळत गेले. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीला सुमारे १८ लाख होतात. पस्तिसाव्या वर्षी केली तर सुमारे ८ लाख. पंचेचाळिसाव्या वर्षी केली तर ३ लाखांच्या थोडे वर. पहिल्या माणसाने दुसऱ्यापेक्षा भरले ते फक्त सव्वा लाखाच्या आत-बाहेर जास्त, पण त्याला मिळाले दहा लाख जास्त. हे व्याजावरच्या व्याजाचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर पस्तीस वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांचे मोल आजच्या साडेसहाशे रुपयांइतकेच राहील. तेव्हा एकदा हप्ता ठरवला आणि सुटलो, असे नाही. मुलाचे वजन वाढते तसा डॉक्टर औषधाचा डोस वाढवतो. पगार किंवा गल्ला वाढेल तशी बचतही वाढली पाहिजे.

पैसे नाहीत, असे तरुण मुले सांगतात तेव्हा मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहतो. रोज वीस रुपये तंबाखू-सुपारीवर किंवा सिगारेटवर जात असतील, तर महिन्याचे सहाशे झाले. पंचविशीतल्या मुलाला पाच हजारांच्या पेन्शनसाठी लागतात ३७६. व्यसन सोडले तर तोंडही वाचेल आणि म्हातारपणही.

कापून घेणारा कोणी नाही

माणूस मनात ठरवतो म्हणून बचत होत नाही. हातात येण्याआधी पैसे कापले जातात म्हणून होते. नोकरदाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कापले जातात. तो कुरकुर करतो, पण निवृत्तीला तेच हाती लागतात. मात्र त्यातल्या पेन्शनवर फार विसंबू नये. साखर कारखाने, एस.टी., गिरण्या यांतून निवृत्त झालेल्यांना १९९५ च्या योजनेतून मिळणारी पेन्शन तुटपुंजी असते. २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची पगारमर्यादा धरली, तर पस्तीस वर्षे नोकरी करूनही ती महिन्याला साडेसात हजारांच्या घरात जाते. त्याच वर्षी किमान पेन्शन ठरली ती १,००० रुपये. सरकारी नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला, तो वाचकांना आठवत असेल.

आणि ज्यांचे कोणीच काही कापत नाही, त्यांचे काय? दुकानदार, रिक्षावाला, शिंपी, शेतकरी, भाजीवाली, खासगी क्लासचे मास्तर, आणि माझ्यासारखा दवाखाना चालवणारा डॉक्टरसुद्धा. आम्हाला फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. आमचे पैसे आम्हीच कापायचे. पोस्टात किंवा बँकेत पी.पी.एफ.चे खाते वर्षाला ५०० रुपयांतही चालू राहते. पोस्टाची आवर्ती ठेव आहे. महिन्याच्या पाच तारखेच्या आत बँकेतून रक्कम आपोआप वळती होईल, असे लिहून द्यावे. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे कधी काही उरत नाही.

जास्त व्याजाच्या मोहाने सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवू नये. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसते. ठेव बुडाली की बरोबर रक्तदाब वाढतो, हे मी पाहिलेले आहे.

मुले हीच पेन्शन?

"मुले आहेत की, तीच आमची पेन्शन," असे पुष्कळजण म्हणतात. मुलांनी आई-वडिलांना सांभाळावे, यात दुमत नाही आणि बहुतेक मुले सांभाळतातही. पण पुण्या-मुंबईत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाचीही ओढाताण असते. गोळ्या संपल्या हे मुलाला किंवा सुनेला सांगायला म्हातारी माणसे संकोचतात आणि तो संकोचच त्यांचा घात करतो. स्वतःच्या नावावर थोडा पैसा असला तर मागावे लागत नाही. घरात बोलणेही गोडीचे राहते.

म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम मुलाच्या घरासाठी किंवा धंद्यासाठी देऊन मोकळे होऊ नका. त्यातला काही भाग बायकोच्या नावावर ठेवा, कारण पुष्कळ घरांत ती मागे राहते. घर किंवा जमीन मुलांच्या नावावर करायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे ती अट मोडली गेल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून असे हस्तांतरण रद्द करता येते.

ज्यांना शक्यच नाही

रोजंदारीवर पोट असलेल्याला बचतीचे धडे देणे सोपे आहे. शेतमजूर बाई काय बाजूला टाकणार? तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली ती रक्कम महिन्याला १,५०० रुपये झाली. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. सत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण हे पाच लाख दवाखान्यात भरती झाल्यावरचे. रोजच्या गोळीला ते लागू नाहीत. माझे स्पष्ट मत असे की, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याभराच्या एकदम आणि न चुकता मिळाल्या पाहिजेत. झटका आल्यावर लाखो देण्यापेक्षा तो टाळण्यासाठी रुपये देणे सरकारलाही स्वस्तात पडेल.

बाकी आपण सगळ्यांनी आपापली चिठ्ठी आपणच लिहायची आहे. विशीत-तिशीत असाल तर याच महिन्यात थोडक्याने सुरुवात करा. चाळिशीत असाल तर रक्कम वाढवा आणि वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासा. पन्नाशीत असाल तर फंडाला हात लावू नका, लग्नाचा मांडव लहान घाला. साठी ओलांडली असेल तर पैसे सुरक्षित ठिकाणी ठेवा, स्वस्तात मिळणारी जेनेरिक औषधे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरात दोघे असाल, तर गोळ्यांचे पाकीट दोघांसाठी आणा.