प्रगतिपुस्तकातील दोन रकाने

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की महाड-पोलादपूरकडील वर्गांतून एक लहानसा विधी पार पडतो. भिंतीवरील मोजपट्टीशी मुले एकामागून एक उभी राहतात, मग वजनकाट्यावर चढतात आणि वर्गशिक्षक दोन आकडे टिपून घेतात. प्रगतिपुस्तकातील ‘उंची’ आणि ‘वजन’ हे दोन रकाने असे भरले जातात. पालकाची सही मात्र गुणांच्या पानावर होते. या रकान्यांपर्यंत त्याची नजर सहसा पोचत नाही. पोचण्याचे कारणही आजवर फारसे नव्हते. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली खाचरात भाताचे एक पीक, घरातला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत आणि त्याच्या मनिऑर्डरीवर पेटणारी चूल, अशी या मुलखाची कैक दशकांची रीत होती. तेथे मुलाच्या वजनाची काळजी होती ती ते भरत नाही म्हणून. एखादे गुटगुटीत मूल दिसलेच तर ते ‘खात्यापित्या घरचे’ ठरून कौतुकास पात्र होई.

गिरण्या गेल्या, मनिऑर्डरी थांबल्या, महाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली, महामार्ग रुंदावला. आणि आता त्याच घरांतील तेरा-चौदा वर्षांच्या काही मुलामुलींचे वजन त्यांच्या उंचीला मागे टाकू लागले आहे. ही गोष्ट बोलून दाखविणे काहींना अप्रशस्त वाटेल. कातकरी वाडीवर दोन वेळच्या अन्नाची अजून भ्रांत असताना लठ्ठपणाची चर्चा म्हणजे शहरी चोचले, असा आक्षेप येईल. हा आक्षेप निराधार नाही. पण तो अपुरा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी पस्तीस बालके वयाच्या मानाने खुजी होती. त्याच पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एकवीस टक्के कृश, तर तेवीस टक्क्यांहून अधिक प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या. ही दोन टोके एकाच राज्यात शेजारी शेजारी नांदत आहेत. एकाचे नाव घेतल्याने दुसऱ्याचा अपमान होत नाही.

किंबहुना दोन्हींचे मूळ एकच असावे, असे सुचविणारे संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुले यांचा दीर्घ अभ्यास चालविला. त्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु वजनातील ही तूट स्नायूंत आणि अवयवांत अधिक होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसावयास रोडके असलेले बाळ आतून चरबीचेच होते. अशा देहावर पुढे भरपूर आणि सवंग अन्नाचा मारा झाला की मधुमेह त्याला इतरांहून लवकर गाठतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे जे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत धोक्याची रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा खाली ओढली आहे, ती यासाठीच. आजोबांची उपासमार आणि नातवाचे पोट यांत वाटते तेवढे अंतर नाही.

तेव्हा उपाय हवा, हे खरे. प्रश्न त्याच्या गतीचा आहे. या परिसराची वैद्यकावर श्रद्धा बसली ती तातडीच्या यशामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्या विषावर गुणकारी ठरते, हे त्यांनी येथल्याच रुग्णांवरील अनुभवातून दाखविले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले. काही तासांत माणूस उठून बसे. परंतु ज्या देहात पाच वर्षे घास घास करून चरबी साठली आहे, तेथे तासांचा वा आठवड्यांचा हिशेब चालत नाही. वाढत्या वयात तर तो घातकच होतो.

येथे प्रगतिपुस्तकातील ते दोन रकाने एकत्र वाचावे लागतात. प्रौढाची उंची ठरून गेलेली असते. त्याला वजन उतरविल्यावाचून गत्यंतर नसते. तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. समजा, त्याची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५४ किलो आहे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले तर २४ हा आकडा येतो आणि त्या वयाला तो निश्चित जास्त आहे. पुढील दोन वर्षांत हा मुलगा १६२ सेंटिमीटरपर्यंत वाढला आणि वजन तेवढेच राहिले, तर तोच भागाकार साडेवीसच्या घरात येतो. एक किलोही न उतरविता काम झाले. उदाहरण हिशेबापुरते आहे. प्रत्येक मूल याच मापाने वाढते असे नव्हे. पण तत्त्व हेच, की बहुतेक मुलांच्या बाबतीत वजन खाली आणण्यापेक्षा ते आहे तेथे थोपवून धरावे आणि उंचीला पुढे जाऊ द्यावे. ज्यांचे वजन फारच वाढले आहे त्यांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिन्याला एखादा किलो उतरला तरी पुष्कळ झाले. आठवड्याला अर्ध्या किलोपलीकडे तर जाऊच नये.

मुलींच्या बाबतीत ही संधी लवकर सरते. त्यांच्या उंचीचा जोर मुलांच्या आधी येतो आणि पाळी सुरू झाल्यानंतर दोनेक वर्षांत जवळपास ओसरतो. दहावीतल्या मुलीला ‘उंची वाढेल, मग सारखे होईल’ असे सांगत बसणे म्हणजे तिची फसवणूक होय. लक्ष द्यावयाचे ते सहावी-सातवीत.

दुर्दैवाने लक्ष जाते ते उशिरा, आणि गेले की घाई होते. नातेवाइकांच्या लग्नात कोणी काही बोलते, वर्गात नाव पडते, आणि मुलगी सकाळचे जेवण सोडते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे वर उल्लेखिलेली पाहणीच सांगते. त्यांनी उपाशी राहावे यापरता वेडेपणा कोणता? मुलांची तऱ्हा वेगळी. रायगड हा कबड्डीचा जिल्हा आणि वयोगटाच्या स्पर्धांत वजनाची मर्यादा असते. काट्यावर उभे राहण्याआधी दोन दिवस जेवण आणि पाणी तोडणाऱ्या खेळाडूच्या अंगातली चरबी जात नाही, पाणी जाते. आणि मैदानावर उतरताना जी ताकद हवी तीही जाते. जोडीला महिनाभरात दहा किलो उतरविण्याची हमी देणाऱ्या डबाबंद भुकट्या आहेतच. आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची नवी औषधे २०२५ साली भारतीय बाजारात आली आहेत. गंभीर आजारी मुलाला त्यांचा उपयोग आहे की नाही, हा निर्णय तज्ज्ञाचा. लग्नसराईपूर्वी सडपातळ दिसण्यासाठी ती नाहीत.

उपासमारीने उतरलेले वजन चरबीबरोबर स्नायूही घेऊन जाते आणि पोटभर जेवण सुरू होताच परतते, ते मात्र बहुतांशी चरबीच्या रूपाने. वाढीच्या वयात हाडे भरावयाची असतात, तीही अपुरी राहतात. याउलट सावकाशीच्या मार्गात चमत्कार काहीच नसल्याने त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

तो मार्ग स्वयंपाकघरातून जातो, आणि तेथे मुलाची सत्ता चालत नाही हे मोठ्यांनी ध्यानात घ्यावे. बाजार मूल करीत नाही, भाजीत तेल मूल ओतीत नाही. एकाच ताटावर ‘पथ्य’ आणि बाकीच्यांना तळण, असा पंक्तिप्रपंच झाला की ते मूल चोरून खाऊ लागते. बदल करावयाचा तर घराने करावा. सुदैवाने या भागातल्या जुन्या जेवणात फारसे वावगे काही नव्हते. कडव्या वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, भाकरी, पावसाळी रानभाज्या, परवडेल तेव्हा मासळी. भातही शत्रू नव्हे, त्याचा डोंगर नको इतकेच. नाचणीविषयी मात्र थोडे सांभाळून बोलावे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून नाचणीने माणूस बारीक होतो असा समज बळावला आहे. नाचणीतही तांदळाच्या जवळपासच उष्मांक असतात. तिचा गुण दुसरा: शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, शिवाय भरपूर तंतू, म्हणून भूक लवकर परतत नाही. तीच नाचणी साखर-तूप घालून बिस्किटाच्या रूपाने आली की हा गुण जवळपास वाया जातो.

मुख्य भर पडते ती जेवणात नव्हे, मधल्या वेळच्या खाण्यात. अडीचशे मिलिलिटर रंगीत शीतपेयात पाच-सहा चमचे साखर असते आणि ती पोटाला भरल्याची जाणीवही देत नाही. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी एके काळी खाऊचा पुडा आणी. त्याची अपूर्वाई वर्षातून दोनदा होती. आता तो पुडा वाडीतल्या दुकानात पाच आणि दहा रुपयांच्या माळांनी बारमाही टांगलेला असतो. त्याला सणाची जागा परत मिळवून दिली, तरी अर्धे काम होईल.

उरलेले अर्धे काम शाळेचे. शालेय आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मेद, मीठ व साखर यांचा अतिरेक असलेल्या पदार्थांची विक्री करू नये, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. राज्य शासनाने शालेय उपाहारगृहांपुरती बंदी त्याआधीच, २०१७ मध्ये, घातली होती. पन्नास मीटर मोजण्यास फीत लागते, आणि टपरीवाला हा पुष्कळदा गावातलाच, ओळखीतला माणूस असतो. त्याचे पोट न मारता त्याने उकडलेल्या शेंगा, चणे, केळी ठेवावीत असे त्याला पटविणे ग्रामपंचायतीला अशक्य नाही. शासकीय पोषण आहार आठवीला संपतो. म्हणजे ज्या वयात भूक सर्वांत मोठी, नेमक्या त्याच वयात मूल टपरीच्या स्वाधीन होते, याचाही विचार कोणीतरी करावयास हवा.

शारीरिक शिक्षणाची तासिका वेळापत्रकात असते आणि दहावीच्या वर्षी गणित-विज्ञानाच्या पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी तासभर अंगमेहनत सांगते. पूर्वी उमरठसारख्या डोंगरातल्या गावांत मुलांची मेहनत वाटेवरच होऊन जाई. ती पायपीट परत यावी असे कोणी म्हणू नये, एस.टी.च्या मोफत पासामुळे खेड्यातल्या मुली माध्यमिक शाळेपर्यंत पोचल्या, हे मोल फार मोठे आहे. पण वाचलेल्या त्या तासाच्या बदल्यात शाळेत मैदान मिळाले पाहिजे, आणि ते मुलींनाही. महामार्गावर सायकल घालणे आज जिवावरचे झाले आहे. जोडरस्त्याला सायकलची सुरक्षित पट्टी मागणारा एखादा तरी ठराव ग्रामसभेत व्हावा. शिवाय या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. मध्यरात्रीपर्यंत मोबाईल हाती असलेल्या मुलाला ती मिळत नाही, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

काही खुणा मात्र सावकाशीच्या नव्हेत. मानेची मागची कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली की आई ती मळ समजून दगडाने घासते; ती पुष्कळदा शरीरात इन्सुलिनचे काम बिघडल्याची निशाणी असते. पाळीची दीर्घ अनियमितता, झोपेत मोठ्याने घोरणे, सतत तहान लागणे, या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ती शाळेत येतील तेव्हा त्यांच्यापुढे ते दोन रकाने उघडून ठेवावेत.

आणि ते भरण्याची रीत एवढी तरी बदलावी. आज पुष्कळ वर्गांतून शिक्षक वजन मोठ्याने पुकारतात, मागच्या बाकावरचा विद्यार्थी ते वहीत लिहितो आणि सारा वर्ग हसतो. काटा वर्गाबाहेर, पडवीच्या कोपऱ्यात ठेवता येतो. एका वेळी एकच मूल आत घ्यावे, आकडा शिक्षकांनी स्वतः लिहावा, आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजताना मागचा आकडा शेजारी दिसेल अशी जागा सोडावी.