लाखाचा पगार म्हणे!

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने जागच्या जागी उभी राहिली, तेव्हा आपल्या हुबळी-धारवाडात जे बोलणे कानावर आले त्याबद्दल आम्हांला चार शब्द स्पष्ट लिहायचे आहेत. दुर्गदबैलात, दाजीबान पेठेत, धारवाडच्या लाईन बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जिकडे जावे तिकडे एकच सूर. "महिन्याला लाखो रुपये घेतात आणि वर यांना विश्रांती पाहिजे!" त्यात आपल्याच शहरातल्या एका स्वागत समारंभाला नवरा-नवरी भुवनेश्वरहून पोचू शकले नाहीत. मंडपात पाहुणे जमलेले, नवदांपत्याच्या खुर्च्यांवर मुलीचे आईवडील, आणि वधूवर पडद्यावर. ही बातमी देशभर गाजली. ज्यांच्या घरात हे घडले त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. परंतु त्या दुःखाचे खापर लोकांनी फोडले ते वैमानिकांच्या डोक्यावर, आणि आमचा आक्षेप तिथेच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मुळात झाले काय होते? वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ते त्याच वर्षी जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी ओरड केली, नियम पुढे ढकलले गेले, वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मग १ जुलै २०२५ पासून पहिला टप्पा आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून दुसरा टप्पा, असे ठरले. नियम तरी काय? आठवड्याला सलग ३६ तासांऐवजी ४८ तास विश्रांती. रात्र म्हणजे बारा ते पाचऐवजी बारा ते सहा. आणि रात्रीच्या त्या वेळेत विमान उतरवायचे ते सहा वेळांऐवजी फक्त दोन वेळा. एवढेच. कंपनीला तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. या काळात पुरेसे वैमानिक भरायचे सोडून वेळापत्रक मात्र फुगवत नेले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. त्या दिवशी वैमानिकांचा संप नव्हता, हे नीट लक्षात घ्या. संप कोणी केलाच नव्हता! माणसे कमी आणि विमाने जास्त, हा हिशेब कंपनीचा होता.

आणि सरकारने काय केले? त्याच ५ डिसेंबरला, आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी हक्काची रजा धरू नये हे कलम सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतले. इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. म्हणजे चूक कंपनीची आणि झोप गेली वैमानिकाची. पुढे कंपनीने जानेवारी २०२६ पासून वैमानिकांचे काही भत्ते वाढवले. चांगले झाले, पण हेच भत्ते आधी का वाढले नाहीत, हा प्रश्न कोणी विचारलेला आमच्या ऐकण्यात नाही.

आता पगाराकडे येऊ. अनुभवी कॅप्टनचा पगार लाखांत असतो हे आम्ही नाकारत नाही. पण दुरून डोंगर साजरे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते. बारामती, गोंदिया, बेंगळुरूचे जक्कूर, नाहीतर परदेश, कुठेही जा, खर्च लाखांच्या दशकांत जातो. परवाना हाती आला म्हणजे लगेच एअरबस चालवता येत नाही. त्या त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, त्याचा वेगळा खर्च, आणि तोही बहुधा मुलाच्याच खिशातून. आपल्या समाजातील मध्यम घरे यासाठी काय काय करतात हे सांगायला नको. शेत विकतात, गल्लीतले जुने घर बँकेकडे गहाण टाकतात, आजीच्या पाटल्या मोडतात. एवढे करून परवाना घेऊन वर्षानुवर्षे घरी बसलेली मुले आहेतच. ज्याला नोकरी लागते त्याचा सुरुवातीचा पगार आणि घरच्या कर्जाचा हप्ता एकमेकांसमोर मांडून बघा, मग लाखाच्या गोष्टी करा. त्या पगाराचाही मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो. धुक्यात, पावसात विमानतळावर ताटकळलेला वेळ त्यात सहसा येत नाही. दर काही महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, आणि त्यात रक्तदाब वर गेला की परवाना अडला, पगार थांबला. आपल्याकडे किती कारकून रक्तदाबासाठी घरी बसवले जातात?

कोविडचा काळ आठवा. २०२० साली विमान कंपन्यांनी वैमानिकांचे पगार नि भत्ते कापले. एअर इंडियासारख्या तेव्हाच्या सरकारी कंपनीनेही भत्त्यांवर कुऱ्हाड चालवली, आणि तीही परदेशात अडकलेल्या भारतीयांना याच वैमानिकांकडून घरी आणवत असताना! त्याच मोहिमेतले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळीकोडला पावसात धावपट्टीवरून घसरून दरीत कोसळले. २१ माणसे गेली. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते, हवाई दलातून आलेले, नागपूरच्या मराठी घरातले. चौकशी अहवालाने वैमानिकाच्या निर्णयावर बोट ठेवले, ते आम्ही लपवत नाही. परंतु त्याच अहवालात असेही नमूद आहे की दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्यांनाच करायचे होते, कोळीकोडला कॅप्टन पुरेसे नव्हते, आणि हे कंपनीच्या सदोष मनुष्यबळ धोरणामुळे झाले होते. मोठ्या वर्तमानपत्रांत पहिले वाक्य मथळ्यात गेले, दुसरे बहुतेकांनी वाचलेच नाही.

आणि आपल्या हुबळीला तर या विषयात बाहेरचे होऊन चालणारच नाही. भारतातल्या पहिल्या स्वस्त विमानसेवेचे, एअर डेक्कनचे, पहिले उड्डाण ऑगस्ट २००३ मध्ये झाले ते बेंगळुरू-हुबळी मार्गावर. कॅप्टन गोपीनाथांनी साध्या माणसाला विमानात बसवले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पुढे काय? विजय मल्ल्यांच्या किंगफिशरने एअर डेक्कन घेतली, २००८ मध्ये ती गिळून टाकली, आणि २०१२ मध्ये स्वतःच बुडाली. महिनोन्‌महिने पगार नाही. वैमानिक, अभियंते, सामान उचलणारी मुले, सगळे त्यात आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये दिल्लीत किंगफिशरच्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने जीव दिला. त्याच महिन्यात कंपनीचा परवाना स्थगित झाला. मालक मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेला. कर्मचाऱ्यांच्या थकबाकीसाठी तीनशे कोटींच्या वर रक्कम मोकळी करण्याचा आदेश निघाला तो डिसेंबर २०२५ मध्ये. तेरा वर्षे! तेव्हा पहिलीत असलेले मूल या काळात पदवीच्या वर्गात बसते. त्या मुलाची फी कोणी भरली, हे त्याच्या आईला विचारा.

मुंबईच्या जेट एअरवेजची कथा आपल्या लोकांना अधिक जवळची, कारण तिथे मराठी मुलेमुली हजारांनी होती. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने एकोणीसशे जणांना काढण्याचा घाट घातला. ती मुले राज ठाकरे यांच्याकडे गेली, मुंबईतून विमान उडू देणार नाही असा इशारा मिळाला आणि एक-दोन दिवसांत सगळ्यांना परत घेतले गेले. राजकारण कसे का असेना, पोरांची नोकरी वाचली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, वैमानिकांनी संघटना काढली म्हणून दोघांना घरी बसवले. सप्टेंबरात शेकडो वैमानिक एकदम आजारी पडले, तेव्हा कुठे व्यवस्थापन बोलायला बसले. त्या वेळीही याच शहरात "लाखाचा पगार" हेच ऐकू आले होते. मग २०१९ उजाडले. वैमानिकांचे पगार थकले, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचे विमान उतरले आणि सुमारे वीस हजार घरांची चूल अडचणीत आली. या वेळी ना इशारे कामी आले ना मोर्चे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कामगार-कर्मचाऱ्यांचे मान्य दावे बाराशे कोटींच्या वर, आणि योजनेत त्यांच्या वाट्याला धरलेले ५२ कोटी! भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान तरी पूर्ण द्या, हे अपिलीय न्यायाधिकरणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२३ मध्ये ते उचलून धरावे लागले. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. बँका रांगेत पुढे, माणसे मागे.

आता नोटिशीचा नियम ऐका, म्हणजे आमच्या संतापाचे कारण कळेल. २०१७ पासून कॅप्टनने राजीनामा दिला तर त्याला एक वर्ष, आणि सहवैमानिकाला सहा महिने, त्याच कंपनीत काम करावे लागते. हा सरकारी नियम आहे. दुसरीकडे चांगला पगार मिळत असला तरी वर्षभर हलायचे नाही. बाजारात मालाचा भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो असे आम्हांला शिकवणारे अर्थतज्ज्ञ इथे गप्प का? तिकिटाचा भाव मागणीप्रमाणे चढणार, दिवाळीत हुबळी-मुंबईचे तिकीट आभाळाला भिडणार, फक्त वैमानिकाच्या श्रमाला बाजार लागू नाही. आणि पगार थकवणाऱ्या कंपनीने किती दिवसांची नोटीस द्यायची, याचा नियम कुठे आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत संपाला चौदा दिवसांची आगाऊ नोटीस सगळीकडे सक्तीची, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच. म्हणजे बोलायची एक एक खिडकी बंद करत आणायची आणि मग विचारायचे, हे लोक चर्चा का करत नाहीत.

आपल्यातली अनेक जुनी घरे रेल्वेवर उभी राहिली. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय एकेकाळी धारवाडला होते, हुबळीच्या वर्कशॉपात आपल्या पणजोबांपासूनच्या पिढ्यांनी घाम गाळला. १९७३ मध्ये इंजिन चालवणाऱ्यांनी संप केला तो कामाच्या तासांसाठी, आणि मे १९७४ च्या देशव्यापी संपात रेल्वे वसाहतींतल्या घराघरांनी तीन आठवडे कळ सोसली. तेव्हाही शहरातली शहाणी माणसे म्हणत होती, रेल्वेवाल्यांना काय कमी आहे, क्वार्टर आहे, पास आहे. आज त्याच घरांतली नातवंडे वैमानिकाला तेच बोल लावतात याची आम्हांला लाज वाटते. एप्रिल २०२१ मध्ये वायव्य कर्नाटकाच्या, म्हणजे आपल्याच गोकुळ रोडवर मुख्यालय असलेल्या महामंडळाच्या चालक-वाहकांनी सहाव्या वेतन आयोगासाठी दोन आठवडे बस थांबवल्या. सीमेपलीकडे महाराष्ट्रात एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. बसचालकाचा पगार कमी म्हणून त्याची कीव करायची आणि वैमानिकाचा जास्त म्हणून त्याला शिव्या द्यायच्या, हे कसले न्यायशास्त्र? दोघांच्याही हातात आपली लेकरे असतात. दोघांचीही मागणी एकच, कामाच्या मानाने दाम आणि झोपायला वेळ.

कोणी म्हणेल, या वर्गाने स्वतः कधी दुसऱ्याच्या संपाला पाठिंबा दिला? बहुतेक वेळा नाही दिला, हे खरे आहे. वैमानिकांच्या संघटनांनी लोडर, सफाई कामगार, कंत्राटी मुले यांच्याकडे पाठ फिरवली, आणि २०११ साली जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला तेव्हा एअर इंडियाचे जुने वैमानिक त्यात उतरले नाहीत, पुढच्या वर्षी यांच्या ५८ दिवसांच्या संपात ते उतरले नाहीत. या फुटीचा फायदा कोणाला झाला हे सांगायला ज्योतिषी नको. पण म्हणून त्यांची मागणी खोटी ठरत नाही.

हुबळीहून उडणारी बहुतेक विमाने एकाच कंपनीची असतात, म्हणून आपण तिच्या मर्जीवर आहोत. ८ मार्च २०१५ च्या मुसळधार पावसात बेंगळुरूहून आलेले स्पाइसजेटचे विमान आपल्याच धावपट्टीवरून बाजूला गेले होते. सगळे प्रवासी सुखरूप उतरले. अशा रात्री पुढच्या खिडकीशी बसलेला माणूस ताजातवाना असावा की सलग चौथ्या रात्री जागलेला, हे आपणच ठरवायचे आहे. कंपनीला जे स्वस्त पडेल ते ती ठरवेल.

आमचे खासदार प्रल्हाद जोशी २००४ पासून आपले प्रतिनिधी आहेत, आणि २०२४ साली ग्राहक व्यवहार खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. प्रवासी हा ग्राहकच. तेव्हा मंडळाच्या येत्या बैठकीत त्यांना द्यायच्या निवेदनात आम्ही पुढील गोष्टी घालणार आहोत: विश्रांतीचे नियम कोणत्याही कंपनीसाठी पुन्हा शिथिल करू नयेत, वर्षाच्या नोटिशीची सक्ती काढावी, विमान थांबलेल्या वेळेचाही मोबदला मिळावा, आणि कंपनी बुडाली तर थकलेला पगार बँकांच्या आधी द्यावा. ज्यांच्या घरात वैमानिक, हवाई सुंदरी, विमान अभियंता किंवा विमानतळावरचा कंत्राटी कामगार आहे, अशा कुटुंबांनी आपली नावे आणि थकबाकीची कागदपत्रे मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. सही करायला लाज वाटणाऱ्यांनी निदान पंगतीत बसून "लाखाचा पगार" म्हणणे बंद करावे.